टिकटिक माईकची नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कार्यक्रमांच्या बातम्यांत ‘ऐनवेळी माईकने दगा दिला’ हे वाक्य वरचेवर वाचायला मिळतं. डिजिटल मिक्सर (सगळे आवाज आकड्यांत बदलून एकत्र करणारं यंत्र) आल्यापासून दर वेळी दोष माईकचाच असतो असं राहिलेलं नाही, आणि हे आयोजकांना व रसिकांनाही कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. मी ध्वनिव्यवस्था सांभाळतो. केबल हातात धरून बिघाडाचा माग काढायचा, त्या काळात हे काम शिकलो.

एका मैफलीत गायिकेच्या आवाजात बारीक ‘टिक’ यायला लागलं. सूर लांबवला की स्पष्ट ऐकू यायचं, तालवाद्यांनी जोर धरला की झाकलं जायचं. मी बॅटरी बदलली, फ्रिक्वेन्सी बदलली, हातातला माईक दोनदा बदलून दिला. टिक जागच्या जागी. दुसरा माईक घेताना त्यांनी माझ्याकडे ज्या काळजीने पाहिलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. मग लक्षात आलं की टिक साधारण दर दोन सेकंदांनी येतंय. खराब केबल वाटेल तेव्हा खरखरते. नियमित अंतराने येणारा आवाज केबलचा नसतो, तो बहुतेकदा क्लॉकचा, म्हणजे डिजिटल यंत्राला ठेका देणाऱ्या आतल्या घड्याळाचा असतो.

48 किलोहर्ट्‌झवर चालणारा मिक्सर आवाजाची सेकंदाला 48,000 सॅम्पल, म्हणजे क्षणाक्षणाची मोजमापं, घेतो. एका सॅम्पलच्या वाट्याला 21 मायक्रोसेकंदसुद्धा पुरते येत नाहीत. हा ठेका धरायला प्रत्येक यंत्रात स्वतःचा क्वार्ट्‌झ क्रिस्टल असतो, पण दोन क्रिस्टल कधीच तंतोतंत एका चालीने चालत नाहीत. दहा लाखांत दहाचा फरक म्हणजे अगदी नगण्य वाटतो. तरी 48,000च्या हिशेबाने सेकंदाला जवळपास अर्धं सॅम्पल मागेपुढे होतं. दोन सेकंदांत एक पूर्ण सॅम्पल जास्तीचं येतं किंवा कमी पडतं, आणि आवाजाची रेघ तिथे तुटते. माझा वायरलेस रिसीव्हर (बिनतारी माईकचा आवाज पकडणारं यंत्र) एईएस या डिजिटल जोडणीच्या केबलने मिक्सरला थेट डिजिटल आवाज पाठवत होता, स्वतःच्या क्लॉकवर. मिक्सरही स्वतःच्याच क्लॉकवर होता. दोघेही स्वतःला मास्टर, म्हणजे ठेका देणारा, समजत होते. मध्यंतरात त्या चॅनेलचा आवाज बंद करून मिक्सरच्या वर्ड क्लॉक आउटमधून (ठेका बाहेर देणाऱ्या सॉकेटमधून) रिसीव्हरला 75 ओहमची बीएनसी केबल दिली, रिसीव्हरचं क्लॉक ‘इंटर्नल’वरून ‘एक्स्टर्नल’वर नेलं आणि टिक थांबलं. केबल नसती तर मिक्सरच्या त्या इनपुटवरचा सॅम्पल रेट कन्व्हर्टर (येणारी सॅम्पल मिक्सरच्या ठेक्यात बसवणारी सोय) सुरू करूनही भागलं असतं. चूक माझी होती. जोडणी करतानाच हे पाहायला हवं होतं.

नव्या मुलांचा घोळ होतो तो इथेच. राउटिंग म्हणजे आवाज कुठून कुठे जातो, क्लॉक म्हणजे तो कधी जातो. पॅच, म्हणजे जोडण्यांची आखणी, अगदी बिनचूक असला, मीटर छान हलत असला, तरी क्लॉक चुकलेलं असू शकतं. उलटही होतं: क्लॉक उत्तम, पण चॅनेल 1ला स्टेज बॉक्सचं (रंगमंचावरच्या माईकच्या तारा जिथे लागतात त्या पेटीचं) पहिलं सॉकेट न देता मिक्सरच्या पाठीमागचं पहिलं सॉकेट दिलेलं, मग माईकवर कितीही बोला, फेडर (आवाजाची सरकपट्टी) कितीही वर न्या, आवाज नाही. एकाच स्टेज बॉक्सवर दोन मिक्सर असतील तर आणखी जपावं लागतं. प्रीअँपचा गेन, म्हणजे माईकचा आवाज सुरुवातीलाच किती वाढवायचा ते, दोघांचा सामाईक असतो. मॉनिटरवाल्याने (रंगमंचावर कलाकारांना आवाज ऐकवणाऱ्याने) गायकासाठी गेन वाढवला की सभागृहात शिटी वाजते, आणि सभागृहातला माणूस आपल्याच फेडरकडे बघत बसतो. गेन कोणाच्या हातात हे आधी ठरवायचं, दुसऱ्याने फक्त डिजिटल ट्रिम (आपल्याच मिक्सरमध्ये आवाज कमीजास्त करण्याची सोय) वापरायचा.

दांतेसारख्या, म्हणजे संगणकाच्या जाळ्यावरून आवाज नेणाऱ्या, नेटवर्कवर यंत्रं आपसांत ठरवून एकाला क्लॉकचं म्होरकेपण देतात, त्यामुळे काळजी मिटल्यासारखी वाटते. पण त्याच मिक्सरला एईएसने दुसरं एखादं यंत्र जोडलं की जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो.

शिकवण्या बहुतेक इक्वलायझर, कॉम्प्रेसर आणि रिव्हर्बवर संपतात. क्लॉकचं पान शिकाऊ मुलांना कोणी उघडूनही दाखवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आयोजकांना माझी विनंती आहे, की प्रेक्षक येण्याआधी निदान एक तास सभागृह रिकामं आणि शांत द्या. ‘हॅलो, वन, टू’ म्हणून ही खोड सापडत नाही, बोलण्यात टिक लपून जातं. एकेका डिजिटल इनपुटवर मिनिटभर अखंड सूर लावायचा आणि हेडफोन लावून ऐकायचं. आणि क्लॉक बदलायचंच असेल तर आधी अँप्लिफायर म्यूट करा, नाहीतर तो धक्का थेट स्पीकरला बसतो.

माझ्या पॅच शीटच्या, म्हणजे जोडण्यांच्या तक्त्याच्या, वरच्या ओळीत पूर्वी गायकाचं नाव असायचं. आता तिथे ‘क्लॉक मास्टर: मुख्य मिक्सर, 48’ असं लिहितो आणि खाली प्रत्येक यंत्रापुढे ते क्लॉक कोणाकडून घेतं, तेही. त्या संध्याकाळी ही ओळ कागदावर असती, तर त्या गायिकेला भर मैफलीत दोनदा माईक बदलावा लागला नसता.

आपला,
एक ध्वनिसंयोजक