ब्रेकचा लाल दिवा आणि आंबा घाट

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, देवरुखात एस.टी. स्थानकाजवळच्या वळणावर मीटरमधला ब्रेकचा लाल दिवा क्षणभर लागतो आणि रस्ता सरळ झाला की विझतो, असे तुम्ही फोनवर सांगितलेत आणि ‘हँडब्रेक पूर्ण खाली गेला नसेल’ असा निकालही लगेच देऊन मोकळे झालात. आवाज सारखा तुटत असल्यामुळे माझे म्हणणे राहूनच गेले, म्हणून सविस्तर लिहिते. हँडब्रेक अर्धवट वर असता किंवा त्याच्या बुडाशी असलेले बटण अडकले असते, तर दिवा सरळ रस्त्यावरही लागलेलाच राहिला असता. तो नेमका वळणावर लागतो, यावरून मला ब्रेक ऑइल कमी झाल्याचीच शंका अधिक येते.

बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या काचेच्या खालच्या अंगाला, एक पांढरट प्लॅस्टिकची डबी दिसते. तिच्यात ऑइलवर तरंगणारा एक छोटा फ्लोट असतो आणि ऑइलबरोबर तो ठरावीक पातळीखाली उतरला की मीटरमधला दिवा लागतो. पातळी अगदी काठावर आली असेल, तर वळणावर ऑइल डबीच्या एका बाजूला जाते, फ्लोट तेवढ्यापुरता खाली बसतो आणि गाडी सरळ झाली की पुन्हा वर येतो. तुम्ही सांगितलेले लक्षण याच्याशी तंतोतंत जुळते.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही बाटली आणून डबी भराल, दिवा विझेल आणि काम झाले असे तुम्हाला वाटेल. कृपया तसे करू नका. ब्रेक ऑइल हे पेट्रोलसारखे जळून संपत नाही. ते बंद नळ्यांतच राहते, त्यामुळे कमी झाले असेल तर त्याला दोनच कारणे संभवतात. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड झिजले असतील, तर ते पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधले पिस्टन तेवढे बाहेर सरकतात आणि त्यांच्या मागची रिकामी जागा भरण्यासाठी डबीतले ऑइल खाली उतरते. तसे नसेल, तर ऑइल कुठेतरी गळत आहे. पहिल्या कारणात घाबरण्यासारखे काही नाही, दुसऱ्यात गाडी फाटकाबाहेर काढायची नाही. आणि डबी भरून टाकली की या दोहोंतला फरक सांगणारी खूणच पुसली जाते. शिवाय पॅड झिजलेले असताना डबी काठोकाठ भरली, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की तेच ऑइल उतू जाते आणि जिथे सांडेल तिथला रंग खाते. सांडलेच, तर पुसत न बसता लगेच भरपूर पाणी ओता.

तपासणी सकाळी, इंजिन थंड असताना आणि गाडी सपाट जागी उभी असताना करा. डबीचे झाकण उघडायचे कारण नाही, कारण बाहेरची धूळ पुसली की ‘मॅक्स’ आणि ‘मिन’ या दोन रेघा आणि आतली पातळी बाहेरूनच दिसते. पुढच्या चाकाच्या फटीतून बॅटरीच्या उजेडात पॅडही दिसतात. धातूच्या पाठीवरचा घासणारा थर ३ मिलिमीटर किंवा त्याहून कमी उरला असेल, तर पॅड बदलायलाच हवेत.

मागच्या चाकांना मात्र बंद ड्रमचे ब्रेक आहेत, आत काही दिसत नाही. तिथे टायरची आतली बाजू आणि ड्रमच्या मागची पत्र्याची थाळी पाहायची. गळती असेल तर धुळीवर एक काळसर, ओला ओघळ उतरलेला दिसतो आणि बोट लावल्यास ते पाण्यासारखे सुकून न जाता बुळबुळीत लागते. बाबा, यासाठी तुम्ही वाकून गाडीखाली जायचे नाही. गुडघ्याचे तुम्ही जाणताच. आई, हे काम तू कर. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून तुला बाबांपेक्षा चांगले दिसते, हे मी त्यांच्यासमोरही म्हणायला तयार आहे.

यानंतर बाबांनी इंजिन सुरू करून पेडल घट्ट दाबावे आणि अर्धा मिनिट तसेच धरून ठेवावे. पेडल दाबलेले असताना इंजिन सुरू झाले तर ते किंचित खाली जाते, तो दोष नव्हे. परंतु त्यानंतरही ते हळूहळू खाली सरकत राहिले, किंवा पायाला मऊ लागले, तर गळती किंवा नळीतली हवा गृहीत धरून मेकॅनिकलाच घरी बोलवावे.

घरी माळ्यावर अर्धवट उरलेली ऑइलची बाटली आहे, हे मला ठाऊक आहे, आणि ती तुम्ही टाकणार नाही हेही. निदान या कामासाठी ती वापरू नका. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते आणि कोकणच्या दमट हवेत उघडलेली बाटली फार काळ टिकत नाही. झाकणावर लिहिलेले डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. गावात एरवी हे जाणवणारही नाही. कोल्हापूरहून परतताना आंबा घाटाच्या लांब उतारावर ब्रेकवर सतत पाय राहिला, तर मात्र ऑइल तापून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ पडते. म्हणून पॅड बदलायला गाडी द्याल तेव्हा जुने ऑइल पूर्ण काढून सीलबंद बाटलीतले नवे भरायला सांगा. दोन वर्षांनी ते बदलायचेच असते. घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरा, मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी.

आत्याकडे जाण्याचा दिवस ठरला आहे, याची मला कल्पना आहे. गळती निघाली तर रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणारी एस.टी. साखरप्यावरून जाते, तिने जा. आत्या काही रागावणार नाही. आई, डबीचा एक फोटो, पातळीची रेघ स्पष्ट दिसेल असा, आणि मागच्या दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूचे फोटो मला पाठव. ते पाहून मी फोन करेपर्यंत बाबांनी चावीला हात लावू नये.

तुमची,
मनू