रस्ता उघडला, आता निवांत लिहितोय

कायकोरा, न्यूझीलंड, रविवार, 17 डिसेंबर 2017

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

छकुली, हे आईला मोठ्याने वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस. पुण्याला काकांनाही फॉरवर्ड कर म्हणजे त्यांना वेगळं लिहायला नको, ते तसेही रुसलेत.

मी मजेत आहे. तब्येत ठीक, जेवण ठीक, कुकर चालू आहे, शिट्टीचं रबर बदललंय. थंडीचं विचारू नकोस, इथे आता उन्हाळा आहे.

तर मोठी बातमी म्हणजे भूकंपाने बंद पडलेला आमचा रस्ता परवा शुक्रवारी 15 तारखेला उघडला. आता बाबा. तुम्ही फोनवर परत तेच म्हणालात की आपल्याकडे बॉर्डर रोडवाले डोंगर कोसळला तरी पंधरा दिवसांत गाड्या सोडतात, या लोकांना तेरा महिने कशाला लागले. तेव्हा मी गप्प बसलो कारण मागून आई ओरडत होती की त्याला जेवलास का विचारा. पण चाळीस वर्षं पीडब्ल्यूडीत काढलेल्या माणसाने असं म्हणावं म्हणजे काय, म्हणून लिहितोच.

इथे एका बाजूला उभा डोंगर, एका बाजूला समुद्र, मधे जेमतेम एक पट्टी, आणि त्याच पट्टीत हायवे पण आणि रेल्वेलाइन पण. या देशाच्या दक्षिण बेटाचा मुख्य रस्ता, हायवे नंबर 1. गेल्या वर्षी 14 नोव्हेंबरला रात्री बारा वाजून दोन मिनिटांनी 7.8 चा भूकंप झाला, एकाच वेळी जमिनीतल्या वीसहून जास्त फॉल्ट, म्हणजे खडकातल्या भेगा, सरकल्या. डोंगर ऐंशीहून जास्त ठिकाणी खाली आला. दोन माणसं गेली, तेही दुसरीकडे. रस्त्यावर कोणी सापडलं नाही ते केवळ मध्यरात्र होती म्हणून, हे मला रोज त्या ढिगाऱ्याकडे बघताना वाटायचं. गावाकडे येणारे रस्ते सगळेच बंद, पर्यटकांना हेलिकॉप्टरने आणि नौदलाच्या जहाजाने बाहेर काढावं लागलं.

रस्ता आणि रेल्वेवर मिळून आलेला मलबा साधारण दहा लाख घनमीटर. तुम्हीच हिशोब करा, दहा घनमीटरचा डंपर धरला तर एक लाख फेऱ्या. पण बाबा, मलबा उचलणं हा प्रश्नच नव्हता. प्रश्न वरचा होता. जे खाली आलं ते आलं, पण वर शेकडो मीटर उंचीवर खिळखिळा झालेला डोंगर तसाच लोंबकळत होता. मंडीत बटाट्याच्या ढिगाखालचा एक बटाटा ओढला की काय होतं तेच, खाली पोकलेन लावला की वरून आणखी येणार आणि ते पोकलेनवाल्याच्या डोक्यावर. म्हणून वरून खाली साफ करत यायचं. हेलिकॉप्टरला मोठी बादली बांधायची, पाणी भरायचं आणि नेम धरून उतारावर ओतायचं, म्हणजे जे पडणार आहे ते आपण सांगू तेव्हा पडेल. मग दोरावर माणसं उतरायची, हातात पहारी, एकेक सुटा दगड ढकलायचा. मग जाळी, कुंपण, आणि त्यानंतर खाली मशीन. पाऊस पडला की काम बंद, धक्का बसला की काम बंद, आधी उताराची पाहणी मग माणसं आत. एप्रिलमध्ये दोन वादळांची शेपटं येऊन गेली आणि साफ केलेल्या उतारावरून परत मलबा आला, तेव्हा ऑफिसात दिवसभर कोणी कोणाशी बोललं नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आवडेल. भूकंपाने किनारा वर उचलला गेलाय, काही ठिकाणी तर पाच-सहा मीटर. कालपर्यंत जिथे समुद्राचा तळ होता तिथे कोरडी जमीन. मग काही ठिकाणी रस्ता आणि रेल्वे डोंगरापासून लांब, समुद्राकडे सरकवली आणि बाहेरून संरक्षक भिंत घातली. ज्या भूकंपाने रस्ता खाल्ला त्यानेच नवीन जागा दिली. माझं काम याच बाजूला होतं, भिंत, भराव, आणि डोंगराचं पाणी रस्त्याखालून समुद्रात नेणाऱ्या मोऱ्या. तुम्ही नेहमी म्हणायचात रस्ता गाडीने मरत नाही, पाण्याने मरतो, ते मी इथे मीटिंगमध्ये इंग्रजीत सांगितलं तर सगळ्यांनी माना डोलावल्या, श्रेय तुम्हाला दिलं नाही एवढंच.

मालगाड्या सप्टेंबरातच सुरू झाल्या होत्या. तोवर सगळे ट्रक लुईस पासच्या घाटातून शंभरहून जास्त किलोमीटरचा वळसा घालून जात होते आणि त्या बिचाऱ्या छोट्या रस्त्याची वाट लागली होती. आता थांबतो, नाहीतर आई म्हणेल बापलेकांचं सुरू झालं.

आई, तुझे प्रश्न. मी दोरावर लटकत नाही. मी हेलिकॉप्टरमध्ये बसत नाही. ते वेगळे लोक, त्यांचं ट्रेनिंग वेगळं, पगार वेगळा. मी खाली असतो, डोक्यावर हेल्मेट, आणि डोंगरावर नजर ठेवायला एक माणूस नुसता उभा असतो, वरून खडा जरी घरंगळला तरी तो रेडिओवर ओरडतो आणि सगळे बाजूला. तू यूट्यूबवर जे व्हिडिओ बघतेस ते गेल्या वर्षीचे आहेत, बघू नकोस. भूकंपाचे छोटे धक्के अजून येतात, ते मी फोनवर सांगितलं नाही कारण सांगण्यासारखं काही नसतं, कपाटाचं दार वाजतं आणि थांबतं. आणि हो, एकटा राहत नाही, कामावरच्या लोकांसाठी इथे 300 जणांची वस्तीच बांधलीये.

गंमत ऐक. ओहाउ पॉइंट म्हणून जागा आहे, तिथे सील राहतात, ते मिशीवाले समुद्री प्राणी. मशीन सुरू करायच्या आधी त्यांना उठवून लांब नेऊन सोडायला वेगळी माणसं ठेवली होती. सील परत यायचे. बाबांना मी सांगितलं होतं की आपल्याकडे बायपासवर गाई, इथे सील, फक्त इथे त्याचं रजिस्टर ठेवतात.

आणि सकाळी अंधारात काम सुरू करायच्या आधी माओरी लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, येऊन प्रार्थना करतात, कराकिया म्हणतात त्याला. आमच्यातले बरेच गोरे इंजिनीअर पहिल्यांदा अवघडले. मी नाही. भूमिपूजनाशिवाय काम सुरू होतं तेच मला विचित्र वाटतं.

पण एक गोष्ट मला अजून कळलेली नाही ती म्हणजे हे लोक अनवाणी फिरतात. घरात नाही गं, बाहेर! सुपरमार्केटमध्ये! चांगला सुशिक्षित माणूस, गाडीतून उतरतो, हातात ट्रॉली, खाली पाय उघडे, दूध घेतो, ब्रेड घेतो, पैसे देतो, जातो. पेट्रोल पंपावर पण तसंच. मुलं तर शाळेतही. मी आधी समजलो गरिबी असेल, मग समजलो चप्पल तुटली असेल, मग एका साहेबांना शनिवारी तसंच बघितलं, ज्यांच्याकडे बोट आहे, म्हणजे गरिबीचा प्रश्न मिटला. देवळात जातात म्हणावं तर देऊळ नाही. आणि हेच लोक सोमवारी साइटवर बुटाची नाडी सुटलेली दिसली तर मला आत सोडत नाहीत. मी विचारलं तर म्हणे गरम होतं. बाहेर वीस डिग्री होतं! मे महिन्यात छकुलीने इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आल्याची बातमी पाठवली होती ती मी ऑफिसात सगळ्यांना दाखवली, तर एकाने विचारलं की मग तुम्ही पण अनवाणी फिरत असाल. मी हो म्हणालो. राजवाड्यावर, मे महिन्यात, दुपारी बारा वाजता. येऊन बघ म्हटलं.

मी मात्र चप्पल घालतो, काळजी नको.

आता कामाचं. रस्ता उघडला पण सध्या फक्त दिवसा चालू आहे, रात्री बंद, आणि जाळ्या, भिंती, मोऱ्या बरंच बाकी आहे, त्यामुळे माझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या वर्षअखेरपर्यंत वाढलंय. हे मी फोनवर सांगणार होतो पण गणपतीत पण नाही आलास, दिवाळीत पण नाही आलास हे सुरू झालं आणि राहिलं. आई, दिवाळीत यायचं मी ठरवलंच होतं, पण डिसेंबरात रस्ता उघडायचा म्हणजे ऑक्टोबरात कोणालाच सुट्टी नव्हती, मला एकट्याला नाही असं नाही. फराळ इथे आम्ही केला, चकली मोडली पण खाल्ली. तू मात्र पार्सल पाठवू नकोस, इथले कस्टमवाले खाण्याच्या वस्तूंना फार कडक आहेत.

लग्नाचं: अक्षय्य तृतीयेनंतरची तारीख मला चालेल, साहेबांशी बोललोय, दहा दिवस मिळतील. दहाच. त्यात प्रवासाचे धरलेत, म्हणजे मुहूर्ताच्या तीन-चार दिवस आधी पोचेन, ग्रहमखापर्यंत नक्की. छकुली, साखरपुड्याला नेट अडकलं आणि मला अर्धा तास नुसती मामांची पाठ दिसत होती, तुझी साडी कुठली होती ते अजून माहीत नाही, फोटो पाठव. आणि कानपिळीला चुलत भावाला उभा करू नका, मी येतोय, भाओजींना सांगून ठेव कान तयार ठेवा म्हणावं.

बाबा, पोस्टातली एफडी मोडू नका. मी या महिन्यात तीन लाख टाकतोय, इथला डॉलर 45 रुपयांच्या आसपास आहे, आणखी थांबण्यात अर्थ नाही. त्यातून हॉलचा ॲडव्हान्स आणि केटररचा द्या, दागिन्यांचं मार्चमध्ये बघू. तुम्ही म्हणाल मुलीचं लग्न मी करणार, करा, मी फक्त हॉल म्हणतोय. आणि घरी नाही निदान एवढं तरी करू द्या.

मावशीने ग्वाल्हेरचं स्थळ सुचवलंय ते कळलं. मुलीला आधी सांगा की मुलगा डोंगराच्या पायथ्याशी राहतो आणि सणाला नसतो. तरी हो म्हणाली तर फोटो पाठवा.

तुमचा
बाळ

ता. क. छकुली, बाबांच्या गुडघ्याचा एक्स-रे झाला आणि मला कोणी सांगितलं नाही, ते काकांकडून कळलं. रिपोर्टचा फोटो पाठव, आणि सरळ धरून काढ, मागच्या वेळी अर्धा कागद कापला गेला होता.