गुरुवारचा वाटाणा

उप्साला, स्वीडन,
रविवार, ७ डिसेंबर

ती. आजी, आई आणि बाबा यांस साष्टांग नमस्कार.

मी इथे अगदी खुशाल आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे आई पुढचं निवांत ऐकेल. आजीला फोनवर माझं बोलणं नीट ऐकू येत नाही, आणि व्हिडिओवर मी दिसले की ती "वाळलंस गो" म्हणून डोळ्यांना पदर लावते. त्यापेक्षा पत्र बरं. बाबा, मोठ्यानं वाचा. शेवटचं पान मात्र आधी तुम्ही दोघांनी वाचून घ्या.

लॅबचं नेहमीचंच चाललंय, ते फोनवर सांगतेच. थंडीची काळजी करू नका. घरं इथे इतकी उबदार ठेवतात की मी आत सुती कुडत्यावर वावरते. बाहेर पडताना तेवढे तीन थर चढवायचे. अंधार आहे, ते खोटं नाही. सकाळी पावणेनऊच्या सुमारास उजाडतं आणि दुपारी पावणेतीनला सूर्य गेलेलाही असतो. पण या दिवसांत घरोघरी खिडकीत कागदाची मोठी चांदणी टांगतात आणि आत दिवा लावतात. आपल्या आकाशकंदिलाची सख्खी बहीणच. कामावरून परतताना सगळी गल्ली त्या चांदण्यांनी उजळलेली असते, आणि मला कुडाळच्या बाजारपेठेतली दिवाळी आठवते. आणि हो, ड जीवनसत्त्वाची गोळी मी रोज घेते. दुधातही ते घातलेलंच असतं. तेव्हा बाबांनी पेपरात काय वाचलं असेल ते असो, माझी हाडं ठीक आहेत.

आता जेवणाचं. मागच्या रविवारी आईनं विचारलं, "तू नक्की खातेस काय?" मी म्हटलं, "गुरुवारी वाटाणा आणि घावणे," आणि तेवढ्यात रेंज गेली. आईला वाटलं मी समजूत घालायला काहीतरी सांगतेय. नाही आई, खरंच तसं आहे.

इथे दर गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं दाट सूप करतात. त्याला 'अर्टसोप्पा' म्हणतात. आणि ते जेवून झालं की गोड 'पानकाका'. आजी, काका म्हणजे आपला काका नव्हे. हा घावण्यासारखा पातळ, ताटभर मोठा, मैदा-दूध-अंड्याचा असतो. हे सविस्तर लिहिते, कारण मलाच समजायला वर्ष गेलं. गुरुवार म्हणजे गुरुवारच. बुधवारी नाही, शुक्रवारी नाही. दुपारच्या जेवणाच्या हॉटेलांत, शाळांत, अगदी सैन्याच्या छावणीतसुद्धा गुरुवारी तेच. सण नाही, देवाचं नाव नाही, कसली पूजा नाही. पहिल्या वर्षी लॅबमधल्यांना विचारलं, आज हेच का? तर म्हणाले, "गुरुवार ना आज."

कारण जुनं आहे. सोळाव्या शतकात पंथ बदलेपर्यंत स्वीडन कॅथलिक होतं, आणि शुक्रवार उपासाचा, मांस वर्ज्य. म्हणून आदल्या दिवशी खारवलेलं डुकराचं मांस घालून शिजवलेला वाटाणा पोटभर खाऊन घ्यायचा, असं सांगतात. पुढे देश लुथरच्या पंथाचा झाला. उपास गेला, पण उपासाचा आदला दिवस राहिला. आपण श्रावण लागण्याआधी आषाढ अमावास्येला कोंबडी-वडे करतो ना, तसंच समजा, फक्त यांची अमावास्या दर आठवड्याला येते. बाबा, तुम्हाला इतिहासाची आवड म्हणून सांगते. इथून उत्तरेला ओर्बीहूस नावाचा किल्लेवजा वाडा आहे. तिथे चौदावा एरिक हा राजा आपल्याच भावाच्या कैदेत होता आणि १५७७ साली तिथेच वारला. त्याला वाटाण्याच्या सुपातून विष दिलं, अशी इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असलेली गोष्ट. १९५८ साली त्याचं थडगं उघडलं तेव्हा अवशेषांत आर्सेनिक सापडलं. आईनं लगेच काळजी करू नये, माझं सूप मी स्वतः शिजवते.

शिकवलं ते खालच्या मजल्यावरच्या बाईंनी. वयानं आजीएवढ्या, एकट्याच राहतात. मी त्यांना मनातल्या मनात आजीच म्हणते, पण इथे सगळ्यांना एकेरीत नावानं हाक मारायची पद्धत आहे आणि ती माझ्या तोंडी अजून बसत नाही. ऑक्टोबरात जिन्यात भेटल्या, हातातली पिशवी मी वर नेऊन दिली, तर म्हणाल्या, गुरुवारी ये, शिकवते.

मी गेले तेव्हा वाटाणा रात्रभर भिजून फुगला होता. अर्धा किलोचं पाकीट, आपल्या रगड्याच्या वाटाण्यासारखाच, फक्त रंगानं पिवळा. उकळी आली तसा वर फेस आला आणि फेसाबरोबर साली तरंगायला लागल्या. त्या बाई झाऱ्यानं एकेक साल काढून बशीत ठेवत होत्या. घाई नाही, बोलणं नाही. मग एक कांदा सोलून त्यात चार लवंगा टोचल्या आणि अख्खा सोडला, वर पुदिन्याच्या जातकुळीतला सुका पाला दोन प्रकारचा, थाइम आणि मार्जोरम. दीड तास मंद आचेवर. मधेच त्यांनी चमच्यात एक दाणा घेतला, फुंकर घातली, आणि अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाबून पाहिला. आजी, अगदी तू काळा वाटाणा शिजला का ते बघतेस तस्सं. तोच अंगठा, तेच मान हलवणं. मी ओट्याला टेकून उभी होते, ती तशीच उभी राहिले.

मांसाचं त्यांना आधीच सांगितलं होतं, की आमच्याकडे गुरुवारी चालत नाही. त्यांना नवल वाटलं, कारण त्यांच्या लेखी गुरुवार खाण्याचा आणि शुक्रवार सोडण्याचा. पण वाद घातला नाही. अर्धा वाटाणा दुसऱ्या पातेल्यात काढला आणि मांस फक्त स्वतःच्या पातेल्यात घातलं. एका माणसाच्या घरात दोन पातेली चढली, माझ्यासाठी. सूप वाढलं ते घट्ट वरणाइतकं दाट, ताटलीच्या काठावर मोहरीचा गोळा. प्रत्येक चमच्याबरोबर मोहरी थोडी थोडी घ्यायची, लोणच्यातल्या फेसलेल्या मोहरीसारखी नाकात जाते. पहिल्या दोन चमच्यांना मला ते बेचव लागलं, खरं सांगते. ना ओलं खोबरं, ना गरम मसाला, ना कोकम. तिसऱ्यापासून मात्र वाटाण्याचीच चव लागायला लागली, जी आपल्या वाटपाखाली मला कधी कळली नव्हती.

पानकाकाचं माप लिहून घेतलंय. तीन अंडी, अडीच डेसिलिटर मैदा, सहा डेसिलिटर दूध, अर्धा चमचा मीठ. इथे पीठसुद्धा तोलत नाहीत, डेसिलिटरच्या मापानं घेतात, आजीच्या चिपट्या-मापट्यासारखं. तवा बिडाचा. मी सवयीनं अर्धा कांदा घेऊन तव्यावर फिरवायला गेले, तर बाईंनी हात धरला, कारण याच्यावर मुरंबा यायचा होता. इथे लोण्यावरच भाजतात. त्यांच्याकडे सात खळग्यांचा एक तवाही आहे, आपलं आप्पेपात्रच, पण खळगे उथळ आणि चपटे. त्यात बशीएवढे छोटे पानकाका होतात. वर लिंगोन नावाच्या लाल रानफळाचा मुरंबा. आंबट-तुरट, पिकत आलेल्या करवंदाची आठवण येते. म्हणून म्हटलं, वाटाणा आणि घावणे. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि घावणे खाऊन मोठी झालेली मी, या लोकांच्या पानात तीच जोडी बघून घास हातात धरून बसले होते.

आई, एक सांगायचं राहिलं. त्या गुरुवारी मी तो पानकाका खाल्ला. अंड्याचा. तुला फोनवर सांगितलं नाही. मार्गशीर्ष नव्हता, पण गुरुवार तो गुरुवारच. त्यांनी एवढ्या मायेनं केलेलं, मांस वेगळं काढलेलं, आणि वर पुन्हा अंडंही नको म्हणायचं माझ्यानं झालं नाही.

म्हणून मार्गशीर्ष लागल्यावर मी घरी वेगळं केलं. परवाच्या, दुसऱ्या गुरुवारी, लॅबमधून लवकर आले. देवीचा फोटो मांडला, कलश ठेवला. पाच प्रकारची पानं इथे डिसेंबरात कुठून आणणार, झाडं सगळी उघडी. खालच्या अंगणातली सुचिपर्णी झाडाची एक डहाळी ठेवली, चालत असेल ना? कहाणी मोबाईलवर वाचली, मोठ्यानं, तू वाचतेस तशी. मग बाबांनी दिलेल्या तीन लिटरच्या कुकरात वाटाणा लावला आणि तांदळाच्या पिठाचे घावणे घातले. पहिला तव्याला चिकटला, मग जमले. नारळाच्या दुधाचा डबा मिळतो, त्यात गूळ आणि वेलची घालून रस केला. तुझा रस येतो तसा नाही आला, डब्यातल्या दुधाला तो वास नसतो. नैवेद्य दाखवला आणि दोन घावणे झाकून खाली नेऊन दिले. बाईंनी रस बाजूला ठेवला, मुरंबा काढला आणि घावण्यावर पसरला. "तुझ्या घरचा पानकाका छान आहे," म्हणाल्या. मला एवढं बरं वाटलं की जिन्यात थोडा वेळ थांबूनच वर आले.

तेव्हा आजी, मी जेवते. पोटभर जेवते, आणि गरम जेवते. एकटी आहे म्हणून ब्रेड खाऊन झोपते असं मनात आणू नकोस. कधीतरी उशीर झाला तर तसं होतं, रोज नाही.

(आजीसाठी इथे थांबा.)

आई, बाबा, पैसे सोमवारी पाठवतेय. यावेळी ४० हजार जास्त आहेत, ते ताईच्या साखरपुड्याचे. त्यातून कर्जाचा हप्ता भरू नका, तो मी दर महिन्यासारखा वेगळा पाठवीन. कौलं शाकारायचं एप्रिलवर ढकलू नका, गेल्या पावसात माजघरात गळत होतं ते मला ताईनं सांगितलंय. तुम्ही सांगितलं नव्हतं.

मी साखरपुड्याला येऊ शकत नाही. फोनवर "बघते" म्हणाले होते, पण तेव्हाच माहीत होतं. राहण्याचा परवाना संपला, नव्यासाठी अर्ज सप्टेंबरात केलाय आणि उत्तर अजून नाही. उत्तर येईपर्यंत इथे राहायला, काम करायला हरकत नाही, पण या मधल्या काळात देशाबाहेर गेले तर परत येणं अडू शकतं. पदवीच्या चार वर्षांतली तीन इथे घातलीत, ती टांगणीला लावायची हिंमत होत नाही. ताईला मी स्वतः सांगितलंय. ती रागावली नाही, "असू दे गं" एवढंच म्हणाली, आणि मला ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

पुण्याच्या स्थळाबद्दल, आई. मुलगा चांगला असेल, माझं त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पदवी हातात यायला अजून वर्ष आहे आणि त्याआधी कुणाला शब्द देऊन ताटकळत ठेवणं मला पटत नाही. फोटो पाठवला असेल तर परत मागवून घे. आणि धाकटीचं अजून का बघत नाही असं कुणी विचारलं, तर सांग की तिनंच थांबायला सांगितलंय. माझ्यावर घाला, तुमच्यावर घेऊ नका.

साखरपुड्याच्या दिवशी मुहूर्त सकाळी साडेदहाचा ना? म्हणजे इथले सहा. मी उठून, साडी नेसून बसेन. फोन देवघराच्या खिडकीच्या कोनाड्यात उभा करून ठेवा, तिथे रेंज टिकते. आणि आजीला माझ्या समोर दिसेल अशी बसवा.

तुमची,
धाकटी