घरी यायला किती वेळ लागेल

आई, बाबा,

सही केलीय. जानेवारीत फ्रँकफर्टला जॉइन व्हायचंय. फोनवरच सांगणार होते, पण आईचा आवाज भरून आला की मला पुढचं सुचत नाही आणि बाबा "बरं बरं" करून फोन ठेवतात, म्हणून लिहितेय.

बाबा, तुम्ही लगेच अंतर बघणार. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साधारण साडेसहा हजार किलोमीटर. आकडा बघून माझ्याही पोटात गोळा आला. पण डायरेक्ट विमान आहे, जाताना नऊ तासांच्या आसपास आणि घरी येताना त्याहून थोडं कमी, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, तो येताना पाठीमागून लागतो. महालक्ष्मी एक्स्प्रेसला मुंबईहून कोल्हापूर गाठायला याहून जास्त वेळ लागतो! त्याच गाडीत मी बर्थवरून पडू नये म्हणून आई तू पदराचं टोक माझ्या मनगटाला बांधून बसायचीस, अजून आठवतं गं मला.

पण नुसते विमानाचे तास सांगून तुम्हाला गप्प करणं मला बरं वाटत नाही. पुण्याहून गाडी काढली की चार-पाच तासांत मी दारात असते, ते आता होणार नाही. तिकडून दुपारचं विमान मिळालं तर मध्यरात्रीनंतर मुंबई, मग सामान, मग रस्त्याने सात-आठ तास, म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडणार. पूर्ण एक दिवस धरा. याच गोष्टीवर मी सगळ्यात जास्त विचार केला, आणि दादा सांगलीत आहे म्हणूनच हो म्हटलं. त्याच्याशी बोलणं झालंय. आणि काम खरंच माझ्या आवडीचं आहे बाबा, इथे ते मिळत नव्हतं.

घड्याळाचं म्हणाल तर हिवाळ्यात तिकडे साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. तुमचा रात्री नऊचा फोन मला संध्याकाळीच येईल, चुकणार नाही. तिकडे घर उबदार असतं, तांदूळ-डाळ सगळं मिळतं, उपाशी राहणार नाही.

आता ऐका. मे महिन्यात तुम्ही दोघं येताय, नाही म्हणायचं नाही. व्हीलचेअर मी तिकिटासोबतच सांगून ठेवीन, आई लाजायचं नाही, तिथे गेटपर्यंत खूप चालावं लागतं आणि तुझा गुडघा मला माहितेय. बाबा, इन्सुलिन आणि बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, मोठ्या बॅगेत अजिबात टाकायच्या नाहीत. विमानात दर तासा-दीड तासाने उठून चालायचं, पाणी प्यायचं. लोणच्याची बरणी आणायची तर नीट सील करून चेक-इनच्या सामानात.

आणि बाबा, पासपोर्टची तारीख आजच बघा, संपत आली असेल तर दादाला अर्ज भरायला सांगा, मे लांब नाही.

तुमची,
मनू