मनगटावरची पट्टी

डोंबिवली,
रविवार, रात्र

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

सकाळी व्हिडिओ कॉलवर तू कप उचललास तेव्हा बाही वर सरकली आणि मला पट्टी दिसली. तू लगेच कप खाली ठेवलास आणि नंदूच्या साखरपुड्याचं विचारायला लागलीस. आईच्या लक्षात आलं नाही, मीही तिला सांगितलेलं नाही. पण दुपारी डोळा लागला नाही. किती भाजलंय? नुसता फोड आहे की कातडी निघालीय? डॉक्टरला दाखवलंस का?

खरं तर पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. जूनमध्ये विमानतळावर मी म्हणालो, "एवढं इंजिनिअरिंग करून शेवटी भट्टीपुढेच उभी राहिलीस." तू काही बोलली नाहीस, माझ्या बॅगेचा पट्टा तेवढा सरळ केलास. ते वाक्य मला मागे घ्यायचं आहे. चार महिने झाले, फोनवर जमलं नाही.

आप्पांनी मला त्यांच्या काचकारखान्याच्या फाटकाच्या आत कधी येऊ दिलं नाही. डबा वॉचमनकडे द्यायचा आणि मागे फिरायचं. "तू पंख्याखाली बसायचं काम कर," एवढंच त्यांचं म्हणणं. मी चौतीस वर्षं बँकेत पंख्याखाली बसलो. त्यांच्या कोपरापर्यंतचे डाग मी लहानपणी मोजायचो, ते झोपलेले असताना. म्हणून पट्टी दिसली की मला पट्टी दिसत नाही गं, आप्पांचा हात दिसतो.

तिकडे अमेरिकेत, ओहायोतल्या टोलेडोच्या त्या कलासंग्रहालयात तू मला पहिल्या दिवशी नेलंस तेव्हा मला वाटलं होतं, तासाभरात पाहून होईल. पुढे तीन आठवड्यांत मी एकटा किती वेळा गेलो, तुला माहीतच आहे. तिकीट नाही, कुणी हटकत नाही. व्हॅन गॉगचं शेत पाहिलं, गव्हात उभा असलेला तो कापणीवाला. रुबेन्सच्या चित्रापुढे बसलो. पण पाय वळायचे समोरच्या काचेच्या इमारतीकडेच. २००६ साली जपानी वास्तुकारांनी बांधलेली, भिंतींच्या जागी वाकवलेली काच, आणि आत कुठेतरी जळणारी भट्टी. आप्पा असते तर म्हणाले असते, एवढी काच पुसतं कोण!

एडवर्ड लिबीनं १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधला आपला काचकारखाना तिकडे गॅस मुबलक म्हणून टोलेडोला हलवला आणि १९०१ मध्ये हे संग्रहालय उभं केलं, हे तू सांगितलंस. सेंट लुईसच्या १९०४ च्या प्रदर्शनासाठी त्याच्या कारागिरांनी कापलेलं ते अजस्र काचेचं भांडं मी कितीदा पाहिलं. त्याच्या प्रत्येक पैलूमागे एक माणूस चाकापुढे वाकून उभा होता. पण मला लिबीपेक्षा त्याच्याकडे काम करणारा मायकेल ओवेन्स जवळचा वाटला. दहाव्या वर्षी काचकारखान्यात लागलेला पोरगा. त्यानंच पुढे बाटल्या करणारं यंत्र काढलं, १९०३ मध्ये त्याची कंपनी निघाली, आणि नळीतून काच फुंकणारे नि त्यांच्या हाताखालची पोरं यांची गरज सरत गेली. आप्पांच्या कारखान्यातही शेवटी यंत्रं आलीच. त्या वर्षी ते घरी फारसं बोलत नसत. पोरं भट्टीपासून सुटली याचा आनंद मानायचा की आप्पांची विद्या गेली याचं दुःख, हे मला अजून ठरवता येत नाही.

आणि मग तू १९६२ ची गोष्ट सांगितलीस. हार्वी लिटलटन नावाच्या मातीकाम शिकवणाऱ्या प्राध्यापकानं संग्रहालयाच्या आवारातल्या एका शेडमध्ये लहानशी भट्टी लावली. कारखान्याबाहेर, एकट्या माणसाला काच फुंकता येईल का, हे पाहायला. पहिल्यांदा काच वितळवायचं भांडंच तडकलं. मग लबिनो या काचतज्ज्ञानं काचेच्या गोट्या वितळवायला दिल्या आणि रस जमला. पण फुंकायचं कसं हे कुणालाच धड येईना. तेव्हा लिबीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हार्वी लीफग्रीन आला आणि त्यानं नळी हातात घेऊन दाखवलं. मुक्ता, तू हे सांगताना मी खिडकीकडे तोंड केलं होतं, आठवतं? प्राध्यापकांना शिकवणारा तो म्हातारा कामगार. आप्पांना असं कुणी बोलावलं नाही.

आप्पा काम आवरायचे तेव्हा उरलेल्या काचेचं काहीबाही करायचे. तुझ्याकडचं ते चोच मोडलेलं बदक त्यातलंच. "काच घाईनं थंड केली तर आत ताण राहतो, मग केव्हाही तडकते," असं म्हणायचे. तुमच्याकडेही वस्तू रात्रभर हळूहळूच निवू देतात हे पाहून मला बरं वाटलं होतं. हात मात्र लगेच थंड पाण्याखाली धरायचा असतो, बर्फ लावायचा नसतो. धरलास ना?

संग्रहालयानं २००६ साली विकत घेतलेला गणपती तमिळनाडूतल्या देवळातून चोरलेला निघाला आणि त्यांनी तो परत केला, हे ऐकून मी आईला आवर्जून सांगितलं. तिनं हात जोडले आणि विचारलं, "आणि मुक्ता कधी परत येणार?" मी विषय बदलला. तुला विचारत नाहीये.

लांब बाह्यांचा सुती शर्टच घाल, नायलॉनचा नको. केस बांध. भट्टीकडे बघताना चष्मा लाव, आयुष्यभर त्या उजेडात पाहिलं की मोतीबिंदू होतो. हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे, आणि मी पुन्हा मास्तरकी करतोय. राहू दे. त्या शनिवारी लोकांसमोर तू नळी फिरवत होतीस, मी शेवटच्या बाकावर होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कुणाला ओळखता का?" मी मान हलवली, पण आवाज फुटला नाही. तुझी कोपराची ठेवण आप्पांची आहे. हे मी तिथेच सांगायला हवं होतं.

सुमनमावशीनं लोणचं दिलंय, नंदूच्या मित्राबरोबर पाठवतो. पट्टी काढून हाताचा फोटो पाठव. उजेडात काढ.

तुझा,
बाबा