धरणाच्या तक्त्यातला जुना आकडा पुसू देऊ नका

प्रति,
मा. जलसंपदा मंत्री (कृष्णा खोरे),
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पूर अंदाजाच्या तक्त्यांमध्ये हाताने केलेल्या बदलांची नोंद कायम ठेवण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार. मी सांगलीत राहतो. धरणांवर आणि पूरनियंत्रण कक्षांत नोकरी करून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. आमच्या गावात पावसाळ्यात सकाळी पहिली चौकशी होते ती आयर्विन पुलाच्या पातळीची. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे इथे शाळकरी पोरालाही पाठ असतं. २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता त्यांनी घराच्या भिंतीवर खूण करून ठेवली होती आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये बरेच जण त्याच खुणेच्या भरवशावर घरात थांबले. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

पातळी आणि विसर्ग यांवर दर वर्षी बोललं जातं. मला बोलायचं आहे ते त्यांच्या आधीच्या एका आकड्याबद्दल. तो कक्षातल्या संगणकावर, अंदाजाच्या तक्त्यात असतो.

कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी जागतिक बँकेच्या जलविज्ञान प्रकल्पातून पूर अंदाजाची आणि जलाशय परिचालनाची संगणकीय प्रणाली उभी राहिली. पाणलोटातल्या स्वयंचलित पर्जन्यमापकांकडून पाऊस येतो, हवामान खात्याचा पुढच्या दिवसांचा अंदाज येतो, प्रारूप, म्हणजे पावसावरून पाण्याचं गणित करणारा संगणकीय कार्यक्रम, त्यातून येवा म्हणजे धरणात येणारं पाणी काढतं, येव्यावरून जलाशयाची पातळी, पातळीवरून दरवाजे, दरवाज्यांवरून खालच्या पुलाची उंची. हे सगळं ओळी आणि रकान्यांत मांडलेलं असतं. यातल्या कोणत्याही घरात, म्हणजे तक्त्यातल्या चौकटीत, माणूस आपला आकडा टाकू शकतो. आम्ही त्याला ‘मॅन्युअल टाकला’ म्हणायचो.

ही सोय बंद करा असं मी म्हणत नाही. ती हवीच. कोयनेच्या पाणलोटातल्या नवजाच्या डोंगरात किंवा महाबळेश्वरला पाऊस कोसळत असताना बॅटरी उतरलेलं यंत्र शून्य पाठवतं आणि प्रारूप त्या शून्यावर विश्वास ठेवतं. तिथे माणसाने हात घालायलाच हवा.

मी तो घातला होता. कोणतं धरण, कोणतं वर्ष हे सांगत नाही, कारण चूक माझी होती आणि तिचा डाग दुसऱ्या कोणावर पडायला नको. रात्री दीडच्या सुमाराला वरच्या पाणलोटातलं एक केंद्र शून्य मिलिमीटर दाखवत होतं. तिथल्या चौकीदाराला फोन लावला. तो म्हणाला, “साहेब, पुढचं काही दिसत नाही इतका पाऊस आहे.” मी शेजारच्या केंद्रांचा पाऊस पाहिला, मनाशी हिशेब केला आणि पुढच्या चोवीस तासांच्या येव्याच्या रकान्यात वाढीव आकडे भरले. त्यावर विसर्ग वाढवला. तो निर्णय बरोबर होता, हे आजही म्हणतो.

सकाळी आठला पाळी बदलली. नव्या सहकाऱ्याला मी तोंडी सांगितलं, पण दोन फोन आणि एक पत्रकार यांच्या गडबडीत अर्धंच सांगितलं. नऊच्या सुमाराला ते केंद्र दुरुस्त झालं आणि साठलेला रात्रीचा पाऊस एकदम प्रणालीत आला. प्रारूपाने नवा येवा काढला असता तर तो उतरता दिसला असता, कारण पाऊस थांबला होता. पण येव्याच्या रकान्यात माझे आकडे बसलेले होते. हाताने टाकलेल्या आकड्याला प्रारूप हात लावत नाही, ते त्याला आज्ञा समजतं. सहकाऱ्याला वाटलं, प्रारूपच एवढा येवा सांगतंय. विसर्ग दुपार उलटून गेली तरी कमी झाला नाही. खालच्या दोन गावांमधला पूल आणखी एक दिवस पाण्याखाली राहिला, दुधाचे कॅन पलीकडे पडून राहिले, एक माणूस डायलिसिसला जाऊ शकला नाही. त्याचं पुढे बरं झालं. पण तो दिवस माझ्या हिशेबात आहे.

चौकशीत मला विचारलं गेलं, तुम्ही बदलण्यापूर्वी तिथे काय होतं? मला सांगता आलं नाही. माझा आकडा टाकताना जुना पुसला गेला होता.

महोदय, या एका आकड्याचं वजन किती असतं ते पाहा. १०,००० क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) चोवीस तास वाहिले की सुमारे ०.८६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी होतं. येवा ५०,००० च्या जागी ८०,००० क्युसेक धरला, तर एका दिवसात अडीच टीएमसीहून जास्त फरक पडतो. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. त्यापुढे अडीच म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण ऑगस्टमध्ये धरणात पाचच टीएमसीची जागा उरलेली असेल, तर त्यातली निम्मी जागा आहे की नाही हे तक्त्यातल्या त्या एका घरावर ठरतं. सोडलेलं पाणी कराडच्या प्रीतिसंगमावरून सांगलीला यायला जवळपास एक दिवस लागतो. तेवढ्या वेळात लोकांना घर सोडायचं असतं, जनावरं हलवायची असतात. म्हणून तक्त्यातली चूक आम्हाला पुलावर दिसते तेव्हा ती दुरुस्त करण्याची वेळ गेलेली असते.

चुकाही कशा होतात ते सांगतो, कारण मंत्रालयात येणाऱ्या सादरीकरणात हे दिसणार नाही. केंद्रीय जल आयोगाचे आकडे क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर) आणि मीटरमध्ये, आपले क्युसेकमध्ये आणि फुटांत. एक क्युमेक म्हणजे ३५ हून थोडे जास्त क्युसेक, आणि रकान्याच्या डोक्यावर एकक लिहिलेलं नसेल तर थकलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. जागतिक प्रारूपांचे आकडे ग्रीनिचच्या वेळेचे, तिथली मध्यरात्र म्हणजे आपली पहाट साडेपाच. एक्सेलमधून सहा-सहा तासांच्या आकड्यांची पट्टी उचलून चिकटवताना ती एक ओळ खाली गेली की पुराचा माथा सहा तास उशिरा येतो, निदान कागदावर. यातली एकही चूक दुष्टपणाची नाही. रात्रभर जागलेल्या माणसांच्या हातून त्या होतात आणि होत राहणार.

आणखी एका प्रकारचा बदल असतो, त्याबद्दल स्पष्ट लिहितो. वरून फोन येतो. “एवढा विसर्ग दाखवू नका, लोक घाबरतील,” किंवा “धरण भरू द्या, पुढे पाऊस नाही झाला तर?” दोन्ही चिंता खऱ्या असतात. मी ऑक्टोबरात रिकाम्या धरणाकडे पाहणारे शेतकरीही पाहिले आहेत. पण असा निरोप आला की खालचा अभियंता विसर्ग बदलण्याऐवजी येव्याचा आकडा बदलतो, म्हणजे विसर्ग आपोआप हवा तसा निघतो आणि निर्णय प्रारूपाच्या नावावर जमा होतो. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. निर्णय माणसाने घेतला असेल तर तो माणसाच्या नावावरच राहायला हवा.

२०११ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातलं ब्रिस्बेन बुडालं. शहराच्या वर वायव्हेन्हो धरण आहे. चौकशी आयोगापुढे मोठा वाद उभा राहिला तो हा, की अभियंते कोणत्या तासाला परिचालन पुस्तिकेतल्या कोणत्या टप्प्यानुसार काम करत होते आणि पुरानंतर लिहिलेला अहवाल त्या वेळचे निर्णय सांगतो की मागाहून जुळवलेले. तीन अभियंत्यांचं प्रकरण आयोगाने गैरवर्तनाचा तपास करणाऱ्या यंत्रणेकडे पाठवलं. २०१२ मध्येच त्या यंत्रणेने त्यांना निर्दोष ठरवलं. भरपाईचा खटला मात्र त्यानंतरही अनेक वर्षं चालला आणि त्यात पडलेला पाऊस धरायचा की अंदाजातला, यावर तज्ज्ञ भांडत राहिले. रात्रंदिवस काम केलेल्या माणसांवर ही पाळी आली. आपल्याकडच्या एखाद्या तरुण सहायक अभियंत्यावर ती येऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि त्याला वाचवू शकेल असा एकच साक्षीदार आहे, त्या क्षणी झालेली नोंद.

म्हणून माझी विनंती. हाताने टाकलेला आकडा प्रारूपाच्या आकड्यावर कधीही लिहिला जाऊ नये, तो शेजारच्या रकान्यात जावा. त्यासोबत कोणी टाकला, किती वाजता, का, आणि किती वाजेपर्यंत लागू, हे भरल्याशिवाय तक्ता पुढे सरकू नये. शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मुदत संपली की आकडा आपोआप गळून पडावा आणि ठेवायचा असेल तर पुन्हा सही करून टाकावा. माझ्या चुकीच्या रात्री एवढी एक सोय असती तर तो पूल वेळेत उघडला असता. बदलाचं कारण मराठीत एका ओळीत लिहिलं तरी चालेल, “नवजा केंद्र बंद, चौकीदाराच्या फोनवरून” एवढं पुरे. फोनवर आदेश आला असेल तर आदेश देणाऱ्याचं पदनाम त्याच ओळीत यावं. आणि दरवाजे हलवण्याआधी पडद्यावर जो तक्ता होता, तो जसाच्या तसा कुलूपबंद राहावा.

हे अवघड नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट-फ्यूज प्रणालीत प्रत्येक आकड्याला मूळचा की दुरुस्त केलेला अशी खूण असते. अमेरिकेत कोलोरॅडो नदीसाठी वापरल्या जाणाऱ्या रिव्हरवेअरमध्ये हाताने भरलेलं घर वेगळ्या खुणेने ओळखू येतं. आपल्या कक्षांत हे साध्या एक्सेलमध्येही सुरू करता येईल. लागेल ते परिपत्रक, आणि त्यात एक वाक्य असं की कारण लिहून प्रामाणिकपणे बदललेला आकडा पुढे चुकीचा ठरला, तर तेवढ्यावरून कोणावरही कारवाई होणार नाही. हे वाक्य नसेल तर माणसं कारणाच्या रकान्यात ‘सुधारणा’ एवढंच लिहितील. मीही तेच लिहिलं असतं.

कर्नाटकशी होणाऱ्या बोलण्यातही याचा उपयोग आहे. त्यांच्या अलमट्टी धरणाच्या ५१९.६० मीटर पातळीवरून आणि त्यामुळे नदीत मागे चढणाऱ्या पाण्याच्या फुगीवरून दर पावसाळ्यात आपण भांडतो, आता तर उंची ५२४.२५६ मीटर करण्याचा विषय आहे. दोन्ही राज्यांनी एकमेकांना मूळ अंदाज आणि बदललेला अंदाज असे दोन्ही रकाने पाठवले, तर निदान भांडण कशावर आहे हे तरी दोघांना दिसेल. १५ ऑक्टोबरनंतर हेच रकाने संकेतस्थळावर लोकांसाठी ठेवा. सांगली-कोल्हापुरात ते तारीखवार वाचणारी माणसं आहेत, माझ्याच गल्लीत तिघे आहेत.

पूरकाळ १ जूनला सुरू होतो. त्याआधी कक्षांतल्या नव्या अभियंत्यांना एक दिवस बसवून हे शिकवायचं ठरलं, तर मी स्वखर्चाने यायला तयार आहे. माझी ती रात्र मी त्यांना तक्त्यासकट दाखवीन, फक्त पुसला गेलेला रकाना रिकामा असेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शाखा अभियंता, सांगली