ब्राउझर न उघडण्याचे कारण न शोधता साठवलेली माहिती पुसल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पणजी, गोवा.

विषय : एएमसीखालील (वार्षिक देखभाल करारातील) संगणकावर क्रोम न उघडणे, आपल्या तंत्रज्ञाची हलगर्जी आणि आकारलेले शुल्क याबाबत.

महोदय,

म्हापसा बाजारालगत माझे झेरॉक्स व ऑनलाइन अर्जांचे दुकान असून तेथील संगणक आपल्याकडूनच घेतलेला आहे व त्याच्या देखभालीचा वार्षिक करारही आपल्याशीच आहे. जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढून देणे, विजेचे बिल भरणे, मुलांचे प्रवेशअर्ज भरणे ही सारी कामे ब्राउझरमधूनच होतात.

गेल्या महिन्यात एके सकाळी क्रोमच्या आयकॉनवर डबल क्लिक केले असता कर्सरजवळ क्षणभर गोल चिन्ह फिरले आणि विंडो न उघडताच थांबले. एरर मेसेज कोणताही आला नाही. टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅमांच्या यादीत, पाहिले तर क्रोमच्या नोंदी दिसत होत्या, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होऊन मागेच अडकून पडत होता. त्या नोंदी 'एंड टास्क' करून बंद केल्या, संगणक रीस्टार्ट केला, तरी फरक पडला नाही. त्याच संगणकावर एज हे दुसरे ब्राउझर मात्र व्यवस्थित चालत होते, त्यामुळे दोष इंटरनेटचा नाही हे उघड होते. आदल्या संध्याकाळीच आपण बसवून दिलेल्या अँटिव्हायरसची नवी आवृत्ती आपोआप चढली होती, हेही मी तक्रार नोंदवताना फोनवर स्पष्ट सांगितले होते.

आपले तंत्रज्ञ आले ते शुक्रवारी, ऐन बाजाराच्या गर्दीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आल्याबरोबर त्यांनी राऊटर बंद-चालू केला आणि पावसात लाइन अशीच असते असे सांगितले. एज चालत असल्याचे दाखवल्यावर त्यांनी मला न विचारता क्रोम अनइन्स्टॉल केले आणि तसे करताना ब्राउझिंग डेटाही काढून टाकण्याच्या चौकटीत टिक केली. ही टिक केली नाही तर अनइन्स्टॉल केल्यावरही बुकमार्क व पासवर्ड ज्या फोल्डरमध्ये असतात तो संगणकावर शाबूत राहतो. त्या फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घेणे किंवा नुसते त्याचे नाव बदलून ठेवणे हे फार तर पाच मिनिटांचे काम होते. दुकानाचा संगणक अनेकांच्या हाताखालचा असल्याने मी त्यात कोणतेही खाते जोडून सिंक (माहितीची ऑनलाइन प्रत ठेवण्याची सोय) चालू ठेवलेले नाही. परिणामी सरकारी संकेतस्थळांचे बुकमार्क आणि माझे सर्व पासवर्ड कायमचे गेले.

एवढे करूनही नव्याने टाकलेले क्रोम उघडलेच नाही. तरीही सेवा पत्रकावर 'इंटरनेट दोष, काम पूर्ण' असा शेरा मारून, करारात भेटीचे शुल्क नसताना, ते माझ्याकडून घेण्यात आले.

पुढे मी दुसऱ्या एका जाणकारास बोलावले. त्यांनी अँटिव्हायरसमधील ब्राउझर संरक्षणाचा भाग तेवढा बंद केला आणि क्रोम लगेच उघडले. तो भाग पुन्हा चालू केला की ते उघडेनासे होते, हे त्यांनी मला समोर करून दाखवले. असे अँटिव्हायरस स्वतःच्या फाइल ब्राउझरच्या आत घुसवतात आणि ब्राउझरचा त्यांच्याशी मेळ बसला नाही की तो बंद पडतो. यात नवल काही नाही. २०१९ साली क्रोमची ७८वी आवृत्ती आली तेव्हाही काही अँटिव्हायरसच्या जुन्या आवृत्त्यांशी तिचे जुळले नव्हते आणि पाने उघडेनाशी झाली होती. ज्यांचा हा रोजचा व्यवसाय आहे, त्यांनी ही शक्यता सर्वांत आधी तपासायला हवी होती, विशेषतः ते अँटिव्हायरस आपणच आग्रहाने विकलेले असताना.

तरी माझी मागणी अशी की, घेतलेले शुल्क परत करावे. सेवा पत्रकावरील चुकीचा शेरा दुरुस्त करून खरे कारण लेखी द्यावे. आणि अँटिव्हायरस क्रोमसह चालेल अशा रीतीने बसवून द्यावे, अन्यथा त्याची किंमत परत करावी. ब्राउझर संरक्षण बंद ठेवून ग्राहकांची बिले भरणे मला योग्य वाटत नाही. गेलेले पासवर्ड आपण परत आणू शकणार नाही हे मी जाणतो, परंतु कोणताही डेटा काढण्यापूर्वी ग्राहकाची लेखी संमती घेण्याची सक्त सूचना आपल्या तंत्रज्ञांना द्यावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याखेरीज मला पर्याय राहणार नाही.

आपला विश्वासू,
करारधारक ग्राहक, म्हापसा

सोबत : सेवा पत्रक, शुल्काची पावती व एएमसी कराराची प्रत.